असील कोंबडी : मांसासाठी पालन आणि दाण्याचा हिशेब

कापडाच्या धंद्यात थान किती सुंदर आहे यावरून नफा काढता येत नाही. सूत काय भावाने घेतले, मजुरी किती गेली आणि माल किती दिवस गोदामात पडून राहिला, या तीन गोष्टी वहीत लिहिल्यावरच नफा की तोटा ते कळते. देशी कोंबडीचेही तसेच आहे. परंतु आमचे बांधव कोंबडीच्या धंद्यात उतरताना वही घरी ठेवून उतरतात, म्हणून हा लेख.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत मंदी आली की यंत्रमाग आठवड्यातून दोन-तीन दिवस बंद राहतात, आणि मग बुनकर बांधव जोडधंदा शोधू लागतात. आमच्या दुकानावर सूत-कापडाच्या कामासाठी येणारी मंडळीही हल्ली भाव विचारून झाल्यावर हळूच विचारतात, "सेठ, असील पाळली तर परवडेल का? कडकनाथ कशी राहील?" विचारणाऱ्याच्या हातात बहुधा दहा-पंधरा हजार रुपये असतात, आणि ते कधी भिशीचे तर कधी बायकोचा दागिना ठेवून आणलेले असतात. अशा माणसाला "करा, बरकत होईल" एवढेच सांगून वाटेला लावणे आम्हाला पटत नाही.

या धंद्यात फसलेल्यांची संख्या लहान नाही. २०१९ साली सांगली जिल्ह्यातून कडकनाथचे प्रकरण उघडकीस आले. पिल्ले आमच्याकडून घ्या, तयार पक्षी व अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, अशा बोलीवर राज्यभरातल्या शेतकऱ्यांनी पैसे भरले आणि माल परत घेण्याची वेळ आली तेव्हा सारा व्यवहार कोसळला. त्याआधी २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराई येथे इमू पक्ष्याच्या नावाने हेच घडले होते. दोन्ही ठिकाणी पैसा पिल्ले विकण्यातून येत होता, मांस विकण्यातून नव्हे. शेवटी हा पक्षी ताटात कोण खाणार आणि तो किलोला किती देणार, हे कोणी विचारले नाही. कापडाच्या बाजारात असा माल आम्ही ओळखतो. एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे भाव चढत जातो, आणि अंगावर घालणारा गिऱ्हाईक मात्र कुठेच नसतो.

असील म्हणजे काय

असील हा शब्द अरबी. अस्सल, खानदानी, भेसळ नसलेला असा त्याचा अर्थ. मराठीतला 'अस्सल' त्याच घरचा. या जातीचे मूळ मुलूख आंध्र प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशा हे मानले जातात; परंतु शौकिनांनी ती हैदराबादपासून उत्तर प्रदेशापर्यंत सगळीकडे नेली. रंगावरून तिची नावे पडली आहेत. पिला, याकूब, नुरी, कागर, चित्ता, सब्जा, रेझा, टिकर, ही नावे जुन्या शौकिनांना तोंडपाठ असतात. मान लांब, पाय जाड आणि उंच, छाती रुंद, पिसे अंगाला घट्ट चिकटलेली, तुरा वाटाण्याएवढा. पूर्ण वाढलेला कोंबडा तीन ते चार किलोचा, कोंबडी दोन ते तीन किलोची होते.

एक गोष्ट वाचकांना ठाऊक नसेल. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात एकोणिसाव्या शतकात जी कॉर्निश जात तयार झाली तिच्या पूर्वजांत आपली असील आहे, आणि आजच्या ब्रॉयलरचा बाप-वंश या कॉर्निशवरून आला. म्हणजे कापूस इथला आणि कापड मँचेस्टरचे, हा जो व्यवहार आपल्या आजोबांनी पाहिला तोच कोंबडीतही झाला.

मात्र खानदानी आहे म्हणून ती लवकर वाढत नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार शुद्ध असीलचे वजन २० आठवड्यांना १२२० ग्रॅम भरते. कडकनाथचे तेवढ्याच वयाला ९२० ग्रॅम. ब्रॉयलर सहा आठवड्यांत सव्वादोन किलोच्या आसपास जातो. अंडी म्हणाल तर असील वर्षाला नव्वदच्या घरात देते आणि सहा-साडेसहा महिन्यांची झाल्याशिवाय अंड्यावर येत नाही. हे आकडे मनात घट्ट बसवावेत. धंद्यातले पुढचे सगळे निर्णय यावरून निघतात.

बाजारात असील कोंबड्याचे जे हजारो रुपयांचे भाव ऐकू येतात ते झुंजीच्या शौकिनांचे असतात. प्राण्यांची झुंज लावणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या दीनमध्येही त्याला मनाई आहे. मांसाच्या धंद्याचा हिशेब त्या भावावर मांडणे म्हणजे सोन्याच्या भावाने पितळ मोजणे.

ज्याला मांसासाठीच पक्षी वाढवायचे आहेत त्याने शुद्ध असीलचाच हट्ट धरू नये, असे आमचे मत आहे. इज्जतनगरच्याच संस्थेने असीलच्या संकरातून 'कारी निर्भीक' तयार केली. तिचे २० आठवड्यांचे वजन १८४७ ग्रॅम दिले आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा आणि बंगळूरची गिरिराजा याही अंगणातल्या पालनासाठीच काढलेल्या जाती. हे काहीच मिळाले नाही तर घरगुती मार्ग आहे. चांगल्या हाडापेराचा एक असील कोंबडा आठ-दहा गावरान कोंबड्यांत सोडावा. पिल्ले बापाकडून हाड आणि छाती घेतात. कोंबडा दरवर्षी बदलावा, नाहीतर बाप-लेकींचे मिलन होऊन तिसऱ्या पिढीत पिल्ले किरकोळ निघू लागतात. असीलची कोंबडी खुडूकही चांगली बसते. दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवली की २१ दिवसांत काम होते, यंत्र लागत नाही.

पहिले आठ आठवडे

देशी पक्षी काटक असतो, तो आपोआप वाढतो, ही समजूत खरी आहे, पण ती आठ आठवड्यांनंतर. त्याआधीचे पिल्लू कोणत्याही जातीचे असो, नाजूकच असते. घरोघर वीस पिल्ले निघतात आणि पाच-सहा मोठी होतात. उरलेली घार, मांजर, मुंगूस, थंडी आणि रानीखेत यांच्या वाट्याला जातात. घरची बाई म्हणते, फुकटची होती, गेली. ती फुकटची नव्हती, हे पुढे हिशेबात दिसेल.

पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जावे. ६० वॅटचा एक बल्ब पन्नास पिलांना साधारण पुरतो. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर उष्णता जास्त झाली, सारखी पसरली तर ठीक. रात्री वीज जाण्याची सवय ज्या गावाला आहे तेथे कंदील किंवा निखाऱ्याचे मडके तयार ठेवावे, मात्र धूर कोंडू देऊ नये.

खाली भाताचे तूस टाकावे. येथे बुनकर बांधवांना एक खास सूचना. कारखान्यातील सुताचा कचरा अंथरूण म्हणून कधीही वापरू नये. फुकट मिळतो, मऊ असतो, म्हणून हा मोह होतो. पण सुताचा धागा पिलाच्या पायाला गुंडाळला जातो, आवळत जातो आणि बोट झडते. पिल्ले धागा किडा समजून गिळतात. तो गळ्याखालच्या पिशवीत, जिला आम्ही पोटा म्हणतो, गोळा होऊन अडकतो आणि पिल्लू दाणा समोर असून उपाशी मरते. मोठे पक्षीसुद्धा मागाच्या खोलीच्या आसपास फिरू देऊ नयेत. रंगाईच्या नालीचे पाणी तर त्यांच्या तोंडाला लागता कामा नये.

लसीबाबत कंजुषी नको. पहिल्या आठवड्यात रानीखेतची लासोटा, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांनी देवीची, आणि आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान रानीखेतची आर-टू-बी ही टोचण्याची लस. आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून हे वेळापत्रक पक्के करून घ्यावे. अडचण अशी की लासोटाची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते, आणि फोडल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. वीस पिलांसाठी कुपी कोण फोडणार, म्हणून लोक लस टाळतात. यावर सोपा उपाय आहे. गल्लीतल्या चार-पाच घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवाव्यात, म्हणजे पिल्ले एका वयाची निघतील आणि एक कुपी सर्वांना पुरेल. कुपी बर्फात घालून आणावी. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी.

दाणा

पहिले आठ आठवडे बाजारातील तयार स्टार्टर दाणा द्यावा, ज्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. या काळात एक पिल्लू सर्व मिळून दीड किलोच्या आसपास खाते. येथे घरचे मिश्रण करून चार पैसे वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. जो पक्षी या आठ आठवड्यांत खुरटला तो नंतर कितीही खाऊ घाला, भरून येत नाही.

त्यानंतर प्रथिने १६ टक्के पुरतात आणि दाणा घरी करता येतो. आमच्याकडे शंभर किलोचे प्रमाण असे असते : मका ४० किलो, बाजरी २० किलो, भाताचा तेल काढलेला कोंडा १८ किलो, सोयाबीनची पेंड १८ किलो, कोंबड्यांचे मिनरल मिक्श्चर अडीच किलो, शिंपल्याचा चुरा सव्वा किलो आणि मीठ पाव किलो. जीवनसत्त्वांची भुकटी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. मीठ, मिनरल आणि जीवनसत्त्वे आधी दोन किलो कोंड्यात नीट कालवून घ्यावीत आणि मग तो कोंडा साऱ्या ढिगात मिसळावा. थेट ढिगावर टाकले तर एका पक्ष्याला मीठच मीठ आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे होते. ज्वारी स्वस्त असेल तर बाजरीच्या जागी ज्वारी, तांदळाची कणी स्वस्त असेल तर थोडा मका कमी करून कणी चालते.

खरेदीत काही गोष्टी सांभाळाव्यात. मोंढ्यात 'कोंबडीचा मका' म्हणून भिजलेला, हिरवट-काळा पडलेला मका कमी भावाने मिळतो. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते. ते यकृत खाते. पक्षी लगेच मरत नाही, पण वाढत नाही, आणि लसही त्याला नीट लागत नाही. मूठभर मका हातात घेऊन वास घ्यावा, एक दाणा दाताखाली फोडावा; कट्ट आवाज करून फुटला तर कोरडा, दबला तर ओला. शेंगदाण्याच्या पेंडीतही हेच विष लवकर धरते, म्हणून जुनी पेंड घेऊ नये. कच्चे सोयाबीन भरडून घालणारेही पुष्कळ आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते. ते भाजल्याशिवाय जात नाही. सरकीची पेंड आपल्या कापसाच्या मुलखात स्वस्त पडते आणि म्हशीला चालते, पण तिच्यात गॉसिपॉल असते, ते कोंबडीला सोसत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचा लेयर दाणा वाढत्या पक्ष्यांना देऊ नये. त्यातील जास्तीच्या चुन्याने तलंगांची मूत्रपिंडे बिघडतात.

अझोलाविषयी हल्ली फार ऐकू येते. पाण्यावरची ही वनस्पती चांगली आहे, त्यात वाद नाही. परंतु ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. एक किलो काढला की हातात कोरडा ऐवज साठ-सत्तर ग्रॅमच येतो. भाजी म्हणून द्यावा, पेंड बंद करून त्याच्या भरवशावर राहू नये. त्यापेक्षा वाळवीची जुनी युक्ती आम्हाला अधिक पटते. मडक्यात ओले गोणपाट, शेण आणि थोडा पालापाचोळा भरून ते वाळवी असलेल्या जागेवर संध्याकाळी पालथे घालावे. सकाळी मडके वाळवीने भरलेले असते. ते पिलांपुढे झटकावे. ओला चारा, लसूणघासाची कोवळी पाने, शेवग्याचा पाला, भाजीबाजारातील कोबीची पाने, हे सारे चालते. बारीक खडे किंवा वाळू समोर हवीच. कोंबडीला दात नाहीत, तिचा संगदाना खड्यांच्या बळावरच दाणा दळतो.

हिशेब

आता वही उघडू. पुढील भाव केवळ समजण्यासाठी धरले आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातील भाव घालून हेच गणित करावे. पन्नास पिल्ले, प्रत्येकी ५० रुपये, म्हणजे २५०० रुपये. दाणा सरासरी ३५ रुपये किलो. लस, औषध, बल्ब, तूस मिळून १२०० रुपये.

पहिला प्रकार : पक्षी बंद खोलीत, सगळा दाणा हाताने. २० आठवड्यांत एक पक्षी सुमारे ६ किलो दाणा खातो. पाच मेले, ४५ राहिले, मेलेल्यांनी खाल्लेले धरून २८० किलो दाणा लागला; त्याचे ९८०० रुपये. एकूण खर्च १३,५०० रुपये. प्रत्येकी १.२ किलोप्रमाणे ५४ किलो जिवंत वजन. किलोला २५० रुपये पडले. ब्रॉयलरला एक किलो वजनामागे पावणेदोन किलो दाणा पुरतो, येथे पाच किलो लागला, हे लक्षात घ्यावे.

दुसरा प्रकार : आठ आठवड्यांनंतर पक्षी दिवसभर अंगणात, परड्यात, शेतात फिरतात, सकाळी थोडा आणि संध्याकाळी पोटभर दाणा, म्हणजे अर्धा खुराक. एका पक्ष्याला पावणेचार किलो. ४५ पक्षी, १७५ किलो दाणा, ६१२५ रुपये. एकूण ९८२५. वजन थोडे कमी, १.१ किलो धरले तर साडेएकोणपन्नास किलो. किलोला १९८ रुपये. म्हणजे अंगणाने किलोमागे ५० रुपये वाचवले.

आता तिसरा प्रकार पाहा, जो आपल्याकडे बहुतेक घरांत प्रत्यक्षात घडतो. अंगण आहे, अर्धा खुराक आहे, पण लस नीट झाली नाही, रात्रीचे खुराडे पक्के नाही, आणि पन्नासातून ३० पक्षी राहिले. दाणा कमी लागला, सुमारे सव्वाशे किलो. तरीही एकूण खर्च आठ हजारांच्या घरात आणि वजन फक्त ३३ किलो. किलोला २४२ रुपये. अंगणाने जे दिले ते मरतुकीने जवळजवळ सगळे परत नेले. फुकटची म्हणून गेलेली पिल्ले जिवंत राहिलेल्यांच्या किमतीत अशी मिसळून बसतात.

या हिशेबात घरच्या बाईची मजुरी धरलेली नाही. दाणा, पाणी, झाडलोट, संध्याकाळी मोजून आत घेणे, हे सगळे काम तीच करते आणि विक्रीचा पैसा मात्र मालकाच्या खिशात जातो. निम्मा पैसा तिच्या हातात द्यावा. त्याने पक्षीही अधिक जगतात, असे आम्ही पाहिले आहे.

ज्याच्याकडे अंगण नाही, वाडा नाही, दहा बाय बाराच्या खोलीत माग आणि संसार दोन्ही आहेत, त्याने या धंद्यात पडू नये. आम्ही हे विचारायला येणाऱ्याच्या तोंडावर सांगतो आणि काहीजण नाराज होऊन जातात. परंतु बंद खोलीत देशी पक्षी वाढवून त्याला ब्रॉयलरवाल्याशी भावात झुंजायला लावणे म्हणजे हातमागाने यंत्रमागाशी मीटरवर स्पर्धा करणे आहे. हातमाग टिकला तो पैठणीत. चादरीच्या भावात तो कधीच टिकला नसता. ज्याच्याकडे जागा आहे त्यानेही पन्नासपासून सुरुवात करावी, पाचशेपासून नव्हे. परत घेण्याची हमी देणाऱ्याकडून पिल्ले घेण्यापेक्षा सरकारी कुक्कुट केंद्र, कृषी विज्ञान केंद्र किंवा ओळखीच्या पाळणाऱ्याकडून घ्यावीत.

वजनकाटा

या धंद्यातले सगळ्यात उपयोगी अवजार वजनकाटा आहे आणि तेच बहुतेकांकडे नसते. सोळाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, सकाळी दाण्यापूर्वी, पाच-सहा खूण केलेले पक्षी तोलावेत. मोठा पक्षी पूर्ण खुराकावर दिवसाला ८० ग्रॅम खातो असे धरले तर आठवड्याला ५६० ग्रॅम, वरच्या भावाने सुमारे २० रुपये. जिवंत पक्ष्याचा भाव किलोला ३०० असेल तर त्या आठवड्यात त्याने किमान ६५ ग्रॅम वजन वाढवलेच पाहिजे. त्याहून कमी वाढला तर तो त्या दिवसापासून तुमचे खातो आहे. लोक "अजून थोडा मोठा होऊ दे" म्हणत सात-आठ महिने कोंबडा ठेवतात. तो दिसायला रुबाबदार होतो, दाण्याचे पैसे मात्र त्याच्या अंगावर दिसत नाहीत.

असीलच्या नरांबाबत आणखी एक कारण आहे. दहा-बारा आठवड्यांनंतर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. नर-माद्या वेगळ्या कराव्यात, नरांना भरपूर जागा आणि दोन-तीन ठिकाणी दाण्याची भांडी ठेवावीत, आणि जे सर्वांत भांडखोर ते आधी विकावेत.

विकण्यापूर्वीचे शेवटचे दहा-पंधरा दिवस पक्षी खुराड्याजवळच्या स्वच्छ आवारात ठेवून भरडलेला मका आणि बाजरी वाढवून द्यावी. धावपळ थांबते, अंग भरते, आणि पिवळ्या मक्याने चरबी व कातडीला तो रंग येतो ज्यावरून गिऱ्हाईक गावरान ओळखतो. या काळात सुकी मासळी द्यायची नाही, मांसाला वास उतरतो. औषध दिले असेल तर त्याच्या सांगितलेल्या मुदतीचे दिवस जाऊ द्यावेत. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीबद्दल आपल्याकडे एक शरई बाजूही आहे. जिचा बहुतांश आहार घाणच आहे अशा जनावराला 'जल्लाला' म्हणतात, आणि हजरत अब्दुल्ला बिन उमर (रजि.) अशी कोंबडी खाण्यापूर्वी तीन दिवस बंद ठेवत, अशी रिवायत आहे. पंधरा दिवसांच्या या बंदिस्तीत ती काळजीही आपोआप घेतली जाते. तपशिलाचा मसला आपापल्या आलिमांना विचारावा.

विक्री नगावर न करता काट्यावर करावी, आणि सकाळी उपाशीपोटी तोलावे. पोटा दाण्याने भरून तोललेला पक्षी गिऱ्हाईकाला एकदाच विकता येतो. जात जी असेल तीच सांगावी. रंगीत पिसांची, पिंजऱ्यात दोन-अडीच महिन्यांत वाढवलेली डीपी कोंबडी 'असली गावरान' म्हणून खपवली जाते. पॉलिएस्टरला सुती म्हणून विकण्याचाच हा प्रकार; पहिल्या धुण्यात कळते, इथे पहिल्या वाफेत. असीलची संकरित असेल तर संकरित म्हणावे. गिऱ्हाईकाला हेही सांगावे की हे मांस ब्रॉयलरसारखे वीस मिनिटांत शिजणार नाही. जुबह केल्यावर तीन-चार तास थंड जागी ठेवून मग मंद आचेवर चढवावे. पाच महिन्यांच्या आतला पक्षी सालनाला, त्यापेक्षा जून असेल तर यखनीला. ज्यांना हे सांगितले नाही ते "चिवट निघाली" म्हणून दुसऱ्यांदा येत नाहीत.

शेवटी वेळापत्रक. महाराष्ट्रात गावरान कोंबडीला सर्वांत जोराची मागणी आषाढात असते, आणि श्रावण लागला की बहुसंख्य गिऱ्हाईक मांस बंद करते. नवरात्रातही तेच. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात तयार होणारा पक्षी म्हणजे महिनाभर फुकट पोसायचा पाहुणा. आषाढासाठी पिल्ले फेब्रुवारीच्या अखेरीस घरात यावीत, म्हणजे मे महिन्याच्या उन्हापर्यंत ती मोठी होतात. त्या दिवसांत छपरावर ओले गोणपाट आणि दुपारी गार पाणी मात्र लागेल. हिवाळ्यातील लग्नसराईसाठी ऑगस्टमध्ये पिल्ले घ्यावीत. पावसाळी ओलीत रक्ती हगवण लवकर धरते, म्हणून तूस रोज हलवून कोरडे ठेवावे. रमजान आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात. त्यांच्यासाठी तारीख दरवर्षी नव्याने मोजावी लागते : ईदच्या दिवसापासून २० आठवडे मागे, आणि कोंबडीखाली अंडी ठेवायची असतील तर त्याच्याही मागे आणखी तीन आठवडे.